शकुनाची चिमूट

राहू गावच्या चौकात रशिदाभाभी जीपमधून उतरली की पारावरचं कुणीतरी हमखास विचारायचं, "भाभी, आमच्या पोराला फॅट किती लागलं?"

पहिल्यांदा तिला खरंच हसू आलं होतं. पुढे पुढे हसणं हाही पिशवी खांद्याला लावण्यासारखा कामाचाच भाग झाला. खांद्याला पांढरे प्लॅस्टिकचे कॅन, चालताना एकमेकांवर आपटणारे, आणि डेअरीवर दूध घालायला निघालेल्या माणसांच्या गर्दीत ही बाई पोरांची लघवी गोळा करायला निघालेली. विनोद आपसूक होणार. डेअरीवाले पोपटराव तर तिला वाटेत थांबवून सांगायचे, "आमच्यात या, भाभी. आमच्याकडं सकाळ-संध्याकाळ दोनच टाइम. तुमच्याकडं पोरगं कवा घालंल त्याचा काय नेम?"

"तुमची म्हस तरी ऐकती," रशिदा म्हणायची आणि चालू लागायची.

ती मूळची केंदूरची, आताराच्या घरातली. बाप कुंकू, करदोडे, पोत ओवायचे दोरे, बांगड्या असं सगळं पेटीत भरून वाड्यावस्त्या हिंडायचा आणि लहानगी रशिदा त्याच्या मागे. दुसऱ्याच्या ओसरीवर कुठवर जायचं आणि कुठं थांबायचं, पाणी मागायचं की देतील तेव्हा घ्यायचं, हे ती तेव्हाच शिकली. कुणी शिकवलं नाही. बाप जिथे थांबे तिथे ती थांबे, एवढंच. लग्न होऊन न्हावऱ्याला आली. नवरा मेहमूद उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. रात्र-रात्र कारखान्याच्या रांगेत उभा राहायचा, जागं राहायला चहावर चहा प्यायचा. पुढे त्याला साखर निघाली. त्याने ती मनावर घेतली नाही. मग एका हंगामात उसाचं खोडकं पायात घुसलं, जखम भरेना, आधी बोटं गेली आणि नंतर घोट्यापासून पाय गेला. तेव्हापासून घर रशिदाच्या चालण्यावर चाललं. पोलिओचे डोस झाले, खानेसुमारी झाली, आणि दोन हजार सात साली हे काम आलं.

काम सांगायला सोपं होतं. शाळकरी पोरं दिवसाला किती साखर खातात हे शोधायचं होतं. पोरांना विचारलं तर पोरं काहीही सांगतात. काही विसरतात, काही घाबरतात, काहींना मॅडमना बरं वाटेल असं बोलायचं असतं. म्हणून विचारायचं तर होतंच, पण त्याच दिवसाची लघवीही तपासायची होती. शिरूरच्या ऑफिसातल्या सत्यजीत सरांनी पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं, "खाल्लेली साखर पोटात मोडते, रशिदाताई. पण तिचा अगदी बारीकसा अंश न मोडताच लघवीत उतरतो. तो मोजला की पोरगं खरं बोललं का ते कळतं."

खरं बोललं का. रशिदाला ते शब्द त्या दिवशी जरा बोचले होते. मग रोजची जीप, रोजचं ऊन, रोजची ओझी. बोचायलाही सवड राहिली नाही.

आदल्या संध्याकाळी ती घरोघर कॅन देऊन यायची. लघवी नासू नये म्हणून प्रत्येक कॅनच्या तळाशी चिमूटभर पांढरी औषधी पावडर असायची. ती भरून आणलेली नसायची. तिथेच, घरच्यांसमोर, डबीतून चिमूट घालून झाकण लावायचं अशी पद्धत होती. सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची पोराची सगळी लघवी त्यात. मग ती परत जायची, कॅन उचलायची आणि पोराला समोर बसवून विचारायची. उठल्यावर काय खाल्लं? चहा किती? शाळेत जाताना? येताना? शेतात गेला होतास का, ऊस खाल्लास का?

राहूच्या वस्तीवर संपत गुळव्याचं घर होतं. गुऱ्हाळावर काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, पाक कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या, आणि त्या भागात संपतच्या हाताला मान होता. उकळता पाक पाण्यात टाकून त्याची गोळी तो बोटांनी चाचपायचा आणि मान हलवायचा. त्याची मुलगी सायली पाचवीत होती. पहिल्याच भेटीत ती रशिदासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मी काहीच गोड खात नाही. चहा पण बिनसाखरेचा."

"गुळव्याची पोरगी आन् गोड खात न्हाई?"

"तात्यांना साखर निघाली ना. केडगावच्या डॉक्टरांनी बंद केलंय. तात्या म्हणाले, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. मग मी म्हणाले, मी पण सोडते. मी खाल्लं तर तुम्ही खा."

रशिदाने विचारायचं ते सगळं पुन्हा विचारलं, उलटसुलट विचारलं. पोरगी डळमळली नाही. गुऱ्हाळावर तात्यांची भाकरी घेऊन जाते तेव्हा म्हाळू, तो चुलवणात जाळ घालणारा, गरम गुळाचा खडा पुढे करतो, तोही ती परत देते. पंधरा ऑगस्टचा लाडू शेजारच्या मुलीला दिला. रशिदाने तसंच लिहून घेतलं. घरी आल्यावर मेहमूदला हे सांगावं असं तिच्या मनात आलं होतं. मेहमूद खाटेवर पाय सोडून बसला होता, एक पूर्ण आणि एक घोट्यापर्यंतचा. तिने सांगितलं नाही.

पुण्याच्या लॅबमधून निकाल आले तेव्हा सायलीच्या लघवीतली साखर सगळ्या पोरांपेक्षा जास्त निघाली. नुसती जास्त नाही, सत्यजीत सर म्हणाले, "ही पोरगी काहिलीत बसून खाते की काय?"

"सर, ती खोटं न्हाई बोलायची."

"ताई, तुम्हाला तसं वाटतं. म्हणूनच तर लघवी तपासतो ना आपण."

सर वाईट माणूस नव्हते. कामाला चोख होते. त्यांना एक गोष्ट खटकलीही होती. उसाची साखर एवढी खाल्ली असेल तर ती पोटात मोडून होणारी दुसरी, फळातली साखरही वाढायला हवी, ती वाढली नव्हती. म्हणून खात्री करायला ते स्वतः राहूच्या शाळेत गेले आणि सायलीला बाजूला घेऊन म्हणाले, "घाबरू नको. गूळ खाल्लास ना त्या दिवशी?" पण शाळेत बाजूला अशी जागा नसते. खिडकीत पोरं होती. संध्याकाळपर्यंत वस्तीवर माहीत झालं, की गुळव्याची पोरगी चोरून खाते आणि पुण्याच्या मशीनमध्ये ते दिसलं.

रशिदाला हे कळलं ते पुढच्या फेरीत, पोपटरावांकडून. आज त्यांनी फॅट विचारलं नाही.

"संपत परत खायला लागला बगा," ते म्हणाले. "उतरला पाक की पहिला खडा तोंडात. म्हणतो, पोरगीच फशिवती तर म्या कुणासाठी जीभ बांधू? पोरीशी बोलत बी न्हाई. दोन आठवडं झालं."

त्या दिवशी संपतची वस्ती रशिदाच्या वाटेत नव्हती. ज्या घरांत जायचं होतं ती ओढ्याच्या अलीकडे होती, आणि टाचा सकाळपासून ठणकत होत्या. ती जरा वेळ डेअरीच्या पायरीवर बसली. न्हावऱ्याच्या घरातली खाट तिला दिसत होती. खोडक्याची जखम रोज धुतानाचा तो वास, आणि मेहमूदचं ते "भर जायेगी, क्या इत्ता". मग तिने कॅन खांद्याला लावले आणि ओढा ओलांडला.

घरी संपतची आई तुळजाबाई एकटीच होती. ओसरीवर शेंगा फोडत होती. सून शेतात, नात शाळेत.

"या भाभी," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "बसा. आता काय न्यायचं ऱ्हायलंय?"

"मावशी, सायलीचं परत एकदा करायचं म्हणते. उद्याच्या दिवसाचं."

"कशाला? एकदा इज्जत गेली तेवढी बास न्हाई?"

"ती खोटं बोलली न्हाई असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यानं काय व्हत न्हाई. परत बघितलं तर दिसंल."

तुळजाबाईने तिच्याकडे बघितलं. हातातली शेंग फोडून दाणे बाजूला टाकले. मग म्हणाली, "द्या."

रशिदाने डबीतून चिमूट काढली, कॅनमध्ये घातली, झाकण लावून कॅन दिला. मग पाणी मागितलं. तुळजाबाई कॅन घेऊन आत गेली. पाणी यायला वेळ लागला म्हणून रशिदाने सहज आत नजर टाकली. ती उंबऱ्याच्या बाहेरच होती, पण घर सरळ होतं. मागची मोरी समोर दिसत होती.

तुळजाबाई मोरीत बसून कॅन धूत होती. आतून, बाहेरून, हात घालून, नीट खळबळून.

रशिदाने नजर फिरवली. अंगणात एक कोंबडी मातीत पंख झाडत होती, तिच्याकडे ती बघत राहिली. हे तिला नवीन नव्हतं. बापाच्या पेटीतल्या बांगड्या हातात भरून घेणाऱ्या बायकाही त्याने पाणी प्यायलेला तांब्या नंतर राखेने घासायच्या. बाप म्हणायचा, आपल्याला काय, पाणी तर गोड होतं ना. वय वाढलं की असल्या गोष्टींचा रागही येत नाही, नुसता कंटाळा येतो. पण औषध धुवून गेलं होतं, आणि ते सांगायला हवं होतं. ती पुन्हा आत बघायला वळली.

तुळजाबाई कॅन पदराने पुसून चुलीजवळ आली होती. फळीवरचा डबा तिने काढला. झाकण उघडलं. चिमूटभर साखर घेतली, कॅनमध्ये सोडली आणि झाकण लावलं.

रशिदा उंबऱ्याच्या आत कधी गेली ते तिलाही कळलं नाही.

"मावशी, हे काय घातलं?"

तुळजाबाई दचकली नाही. "साखर. तुम्ही घातलेली धुवून गेली न्हवं का. मग म्या माझी घातली."

"धुतलं कशाला?"

"येष्टीची न् जीपची धूळ किती ती. पोरगी बसायची त्याच्यावर, नाजूक जागा तिची." मग रशिदाच्या चेहऱ्यावरचं काहीतरी तिला उशिरा कळलं. "तसलं काय मनात आणू नगा, भाभी. म्या सुनंच्या माहेरून आलेला डबा बी धुती. सून चिडती मला."

रशिदा चुलीपुढे खालीच बसली.

"मागच्या टायमाला बी घातली व्हती?"

"घातली की. तुम्ही एवढ्या लांबून येऊन भांडं रिकामं देत न्हाई, चिमूट घालून देता. मला लई बरं वाटलं व्हतं. म्हटलं, कुणी शिकिवलं असंल? आमच्यात बी रिकामं भांडं कुणाच्या हातात देऊ न्हाई. शेजारच्या नकुशीला बी सांगितलं म्या, ती बाई रीतीची हाय, तिचं भांडं रिकामं ठिवू नगंस."

ते औषध आहे, धुवायचं नाही, हे रशिदाने पहिल्या वेळी सायलीच्या आईला सांगितलं होतं. आईने मान डोलावली होती आणि खुरपं घेऊन शेतात गेली होती. घरातली भांडी कुणाच्या हातात असतात हे रशिदाला कळायला हवं होतं. ती आताराची लेक होती. बाप आधी सासूला नमस्कार करायचा, मग सुनेला बांगड्या दाखवायचा.

"मावशी, ती साखर नव्हती. औषध व्हतं. नासू नये म्हणून."

"मग माझी साखर?"

"तीच त्या मशीनमध्ये दिसली."

तुळजाबाईला ते कळायला थोडा वेळ लागला. साखरेचा डबा अजून तिच्या हातात होता. तिने तो फळीवर ठेवला, मग पुन्हा काढला आणि आणखी मागे, भांड्यांच्या आड सरकवला. "माझी पोरगी," ती म्हणाली. मग पायात वहाणा घालून सरळ गुऱ्हाळाच्या वाटेला लागली. रशिदाला तिच्यामागे जवळजवळ पळावं लागलं.

गुऱ्हाळावर काहील उतरायच्या बेतात होती. वाफेच्या पलीकडे संपत उभा होता, घामाने निथळलेला, चेहरा ओढलेला. आईला बघून तो म्हणाला, "आता नगं. पाक आलाय."

"पाक जळू दे. सायलीनं खाल्ली न्हाई. म्या घातली."

"काय घातलीस?"

"साखर. त्यांच्या डब्यात."

चुलवणाशी बसलेला म्हाळू आधी समजला. "आज्जे," तो म्हणाला, "मुतात साखर घातलीस व्हय? आन् आम्हाला म्हंती, गूळ सांडू नका." तो हसायला लागला आणि कुणीच हसत नाही हे बघून जाळ सारायला वळला.

संपतने माणसांना खूण केली. काहील उतरली, पाक गार व्हायला पसरट वाफ्यात ओतला गेला, मोठ्या लाकडी फावड्याने कुणीतरी तो हलवायला लागलं. मग त्याने रशिदाला विचारलं आणि तिने सुरुवातीपासून सांगितलं. कॅन, पावडर, मोरी, डबा. स्वतःची चूकही सांगितली, की आजीला सांगायला हवं होतं.

"नवा कॅन देऊन परत घेते मी सगळं," ती म्हणाली. "माझ्या समोर. पण त्याचं उत्तर यायला महिना जाईल. तवर तुम्ही खात ऱ्हाणार असाल तर मला आजच बोलायला पाहिजे म्हणून आले. साखरेनं पाय जातो ते मी घरी बघितलंय."

संपत वाफ्याकडे बघत होता. घट्ट होत चाललेल्या गुळावर सोनेरी साय धरत होती. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांना गूळ चिकटलेला होता. रोजच्या सवयीने हात तोंडाकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला.

"भाभी," त्याने विचारलं, "तुमच्या मालकांचा पाय कुठवर हाय?"

रशिदाने वाकून स्वतःच्या घोट्यावर हात ठेवला. साडीची कड जरा वर धरली आणि बोटाने रेघ ओढल्यासारखं दाखवलं. इथवर.

संपतने बादलीत हात बुडवला. बोटं एकेक करून चोळली. गूळ लवकर सुटत नाही, पाणी गार असलं की जास्तच चिकटतो. तो चोळत राहिला.

"शाळा कवा सुटती?" त्याने आईला विचारलं.

"रोज सुटती तवाच."

"आज मी जातो आणायला."

ऑफिसात रशिदाने सगळं जसंच्या तसं सांगितलं. सत्यजीत सरांनी डोकं धरलं, मग म्हणाले, "म्हणून दुसरी साखर वाढली नव्हती. ही पोटातून गेलेलीच नाही." आणि जरा थांबून, "मी शाळेत जायला नको होतं." राहूच्या वस्तीवरची घरं पुन्हा करायची ठरली, नकुशीचं धरून. पुन्हा म्हणजे रशिदानेच. ती हो म्हणाली. दुसरं कोण जाणार होतं?

दुसऱ्या फेरीच्या सकाळी ती सायलीच्या घरी गेली तेव्हा कॅन ओसरीवर मधोमध ठेवलेला होता आणि तुळजाबाई त्याच्यापासून हातभर लांब बसली होती. "म्या शिवले सुद्धा न्हाई," ती म्हणाली. "रात्री पाल आली तर काठीनं हाकलली."

सायलीने उत्तरं दिली. चहा बिनसाखरेचा. ऊस नाही, गूळ नाही, बिस्किट नाही. रशिदाने लिहून घेतलं, कॅन उचलला. सायली म्हणाली, मी रस्त्यापर्यंत येते, आणि एक रिकामा कॅन तिने आपल्या हातात घेतला. दोघी ओढ्यापर्यंत आल्या.

"मॅडम, एक सांगू?"

"सांग की."

"कालचं सगळं खरं सांगितलं. पण त्याच्या आधी, तात्या बोलत नव्हते ना, तेव्हा एक पेपरमिंट खाल्ली. शाळेत एकीचा वाढदिवस होता."

"मग?"

"सगळी म्हणतच होती मी खाते म्हणून. मग म्हटलं, एक खावी." तिने कॅन या हातातून त्या हातात घेतला. "अर्धी थुंकली. चव आठवली आणि तात्यांची पण आठवण आली."

रशिदा चालत राहिली. वाळूत पाय रुतत होते.

"लिहिणार तुम्ही?"

"न्हाई. मी कालच्या दिवसाचंच विचारते. ऑफिस तेवढंच मागतं."

"आणि तात्यांना?"

"तात्या आता खात न्हाईत ना?"

"नाही. काल म्हाळूकाकांना म्हणाले, गोळी बोटाला कळते, जिभेचं काय काम."

"मग ऱ्हाऊ दे," रशिदा म्हणाली. "तू बी नको खाऊ परत."

"नाही."

चौकात जीप उभी होती, माणसं भरेपर्यंत ती हलणार नव्हती. सायलीने कॅन वर चढवून दिला आणि शाळेच्या वाटेला लागली. रशिदा मागच्या बाकावर कोपऱ्यात बसली, कॅन दोन्ही पायांच्या मध्ये धरले. टाचांखाली पत्रा तापलेला होता. पारावरून कुणीतरी हाक मारली, "भाभी, फॅट किती लागलं?"

"लागंल तवा सांगते," ती म्हणाली, आणि जीप सुरू व्हायच्या आतच तिने डोळे मिटले.